विमा कंपनीने भावाला डोळ्यांच्या ‘स्वतंत्र तपासणी’ला बोलावलंय, तिथे नेमकं काय करतात?

धाकट्याची_ताई

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ गोदामात कामाला आहे, तिथे खोक्यांना बांधलेली स्टीलची पट्टी कापताना ती सटकन उडाली आणि उजव्या डोळ्यावर बसली. डोळ्यात रक्त साचलं, प्रेशर वाढलं, पण औषधांवर सगळं खाली आलं, ऑपरेशन वगैरे काही लागलं नाही. आता तक्त्यावर 6/9 पर्यंत वाचतो (6/6 म्हणजे पूर्ण नजर) त्यामुळे जो तो म्हणतो की वाचलास बाबा, झालं की बरं. पण बरं कुठे आहे? त्या डोळ्याची बाहुली मोठीच राहिलीय, उन्हात डोळा उघडवत नाही, रात्री समोरून गाडी आली की त्याला नुसता पांढरा झोत दिसतो आणि स्क्रीनवरची अक्षरं फिकट वाटतात.

नुकसानभरपाईचा दावा टाकलाय. आता समोरच्या विमा कंपनीने पत्र पाठवलंय की आम्ही नेमलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्वतंत्र वैद्यकीय तपासणी करून घ्या. पैसे ते देणार, डॉक्टर त्यांनी निवडलेला, मग यात स्वतंत्र काय ते मला तरी कळलं नाही 😐

अजून एक गोष्ट आहे. त्याचा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, म्हणजे चष्म्यानेही त्या डोळ्याला पूर्ण दिसत नाही. आमचे एक नातेवाईक सांगतायत की हे तिथे अजिबात बोलू नको, नाहीतर म्हणतील तुझे डोळे आधीच खराब होते. मला हे पटत नाहीये पण भाऊ घाबरलाय. जावं का, काय तपासतात, आणि 6/9 दिसतंय म्हणजे दावा संपला का, कोणी माहितगार असेल तर सांगा प्लीज.

फाईलवाला

ताई, मी वकिलांच्या ऑफिसात काम करतो आणि अपघाताच्या फायली हाताळतो, असे रिपोर्ट कायम नजरेखालून जातात. देशोदेशी नियम वेगळे आहेत त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा, पण ढोबळ सांगतो.

जाणं टाळू नका. तुम्ही स्वतःच दुखापतीचा दावा केलाय म्हटल्यावर समोरच्याला ती तपासून घ्यायचा हक्क बहुतेक ठिकाणी असतो, आणि सबळ कारण नसताना गेला नाही तर दावा लटकू शकतो. अमेरिकेत फेडरल कोर्टाच्या दिवाणी नियमांमधला नियम 35 या तपासणीबद्दलच आहे. गंमत म्हणजे इंग्लंडच्या दिवाणी नियमांमध्येही तज्ज्ञांबद्दलचा भाग नेमका 35 वाच आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी, पैसे कोणीही देवो. कागदावर तरी तसं आहे, प्रत्यक्षात माणसामाणसावर असतं.

‘स्वतंत्र’ म्हणजे एवढंच की तो डॉक्टर तुमच्यावर उपचार करणारा नाही. तो तुमच्या भावाचा डॉक्टर नाही हे डोक्यात पक्कं बसवा. तो औषध देणार नाही, पुढची अपॉइंटमेंट देणार नाही, आणि भाऊ जे काही बोलेल ते रिपोर्टमध्ये जाऊ शकतं आणि रिपोर्ट जाणार तो ज्यांनी मागवला त्यांच्याकडे. तुम्हाला प्रत कधी आणि कशी मिळेल हे आधीच वकिलांना विचारा. याच्यातही मेख असते. अमेरिकेतल्या त्या नियमात तपासणी झालेल्याने रिपोर्टची प्रत मागितली की त्याच दुखापतीबद्दलच्या त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांच्या तपासण्या गोपनीय आहेत असं त्याला म्हणता येत नाही. तेव्हा परस्पर मेल टाकून प्रत मागू नका.

आणि एक, त्या डॉक्टरला कंपनीने कोणते प्रश्न लिहून दिलेत ते पत्र बघायला मिळतंय का बघा. रिपोर्ट म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं असतात. जे विचारलंच नाही ते बरेचदा लिहिलंही जात नाही. ‘नजर किती आहे’ एवढंच विचारलं असेल तर उत्तर येणार 6/9, विषय संपला. तुमच्या वकिलांनी त्यात चकाकीचा त्रास, कॉन्ट्रास्ट, पुढे काय होऊ शकतं, कामावर काय परिणाम, हे प्रश्न घालायला लावले पाहिजेत.

निवृत्त_नेत्रतज्ज्ञ

फाईलवाल्यांनी कायद्याची बाजू चांगली मांडलीय, मी डोळ्यांचं बोलतो. मी बरीच वर्षं अशा तपासण्या केल्यात, दोन्ही बाजूंसाठी.

आधी त्या नातेवाइकांचा सल्ला बाजूला ठेवा. आळशी डोळा लपत नाही. समजा भाऊ काही बोलला नाही. तपासणाऱ्याला दिसणार की डाव्या डोळ्याला मार लागलेला नाही, पडदा, नस, लेन्स सगळं ठीक आहे आणि तरी नजर कमी. मग त्याच्या मनात पहिली शंका येणार की हा नाटक करतोय, आणि एकदा ही शंका आली की उजव्या डोळ्याच्या खऱ्या तक्रारीकडेही तो त्याच नजरेने बघणार. उलट सांगितलं तर फायदाच आहे. तुमचा भाऊ आजवर बऱ्यापैकी एकाच डोळ्यावर चालला होता आणि मार नेमका त्याच डोळ्याला बसलाय! दोन्ही डोळे चांगले असलेल्या माणसापेक्षा त्याचं नुकसान जास्त आहे. लहानपणचे चष्म्याचे कागद, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितल्याची चिठ्ठी, जे असेल ते शोधून ठेवा.

टक्केवारीतही हे दिसतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत नजरेचा हिशोब करताना दोन्ही डोळे उघडे ठेवून किती दिसतं याला 60 टक्के वजन आहे आणि एकेकट्या डोळ्याला 20-20. म्हणून एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तर नजरेच्या तीक्ष्णतेच्या खात्यात नुकसान 50 नाही, 20 टक्केच धरलं जातं. लोक हे ऐकून चिडतात, पण त्यामागचा विचार असा की रोजचं जगणं आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून जगतो. पण तुमच्या भावाला टेकायला दुसरा चांगला डोळाच नाही, त्यामुळे उजव्याचं जे कमी होईल ते त्या 60 मध्येही उतरणार. सगळीकडे हीच पद्धत वापरतात असं नाही, पण मुद्दा समजला असेल.

आता 6/9 बद्दल. तक्ता म्हणजे पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं, नीट उजेड, समोरून झोत नाही. मोठ्या राहिलेल्या बाहुलीचा त्रास तिथे दिसणारच नाही. स्टीलच्या पट्टीच्या माराने बाहुली आवळणारा स्नायू फाटतो, स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) बाहुलीच्या कडेला बारीक खाचा दिसतात, ती फाटलेली कड म्हणजे तुमचा पुरावा, ती काही कोणाला मनाने तयार करता येत नाही. पण तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहुलीचं माप उजेडात आणि अंधारात, दोन्ही डोळ्यांचं, बाहुली मोठी करणारा ड्रॉप टाकायच्या आधी घेतलं गेलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पेशंट आला की मदतनीस आधी ड्रॉप टाकून बसवून ठेवतो, वेळ वाचतो म्हणून. एकदा ड्रॉप पडला की दोन्ही बाहुल्या सारख्याच मोठ्या आणि फरक गेला. भावाने तिथे नम्रपणे म्हणायला हरकत नाही की बाहुलीची तक्रार आहे, ड्रॉपच्या आधी बघाल का. अपघाताआधीचे चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो असतील तर तेही द्या, दोन्ही बाहुल्या सारख्या असल्याचं त्यात दिसतं.

चकाकीसाठी डोळ्यावर प्रखर प्रकाश टाकून तेव्हा तक्ता वाचायला लावायची वेगळी चाचणी आहे. फिकट अक्षरांसाठी पेली-रॉबसनचा तक्ता आहे, 1988 सालचा, त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो पण तीन-तीन अक्षरांनी ती फिकट होत जातात. तुमच्या भावाची तक्रार याच दोन ठिकाणी पकडली जाईल. त्या रिपोर्टमध्ये या चाचण्या नसतील तर तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी कोणी विचारत नाही. डोळ्यात रक्त साचण्याइतका मार बसला की बरेचदा बुबुळाच्या कडेचा कोपरा, जिथून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं, तिथेही फाटतं. बाहेरून काही दिसत नाही. त्यासाठी डोळ्यावर आरसा असलेली लेन्स ठेवून बघावं लागतं, गोनिओस्कोपी म्हणतात. हा कोपरा 180 अंशांपेक्षा जास्त फाटला असेल तर काचबिंदूचा धोका वाढतो, आणि तो काचबिंदू काही वर्षांनी, कधीकधी दहा-वीस वर्षांनीही येतो. आज प्रेशर नॉर्मल आहे म्हणून ‘पूर्ण बरा’ लिहून फाईल बंद केली आणि पुढे प्रेशर चढलं तर तेव्हा कोणाकडे जाणार? म्हणून गोनिओस्कोपी झालीय का आणि किती अंश फाटलंय हे रिपोर्टमध्ये असलंच पाहिजे, आणि तडजोड करताना आयुष्यभर दर वर्षी प्रेशर तपासायचा खर्च धरला पाहिजे.

जळका_हात

डॉक्टरसाहेब तुम्ही चांगले असाल हो पण सगळे तुमच्यासारखे नसतात. माझ्या केसमध्ये (डोळाच, बॉल लागला होता) त्यांच्या डॉक्टरने मला पटापट उरकलं, अर्धा वेळ स्क्रीनकडे बघून टाईप करत होता, आणि रिपोर्टमध्ये काय तर ‘तक्रारींना पुष्टी देणारं काही आढळलं नाही’. एकाचे दोन दिसतात हे मी तीनतीनदा सांगितलं तरी डोळ्यांची हालचाल त्याने धड बघितलीसुद्धा नाही. वर लिहिलंय की पेशंट वेटिंगमध्ये मोबाईल वाचत होता!! अहो मोबाईल एक डोळा मिटून वाचत होतो, ते नाही दिसलं का. माझं मत विचाराल तर सगळं आधीच ठरलेलं असतं, ताई तुम्ही कितीही कागद न्या.

निवृत्त_नेत्रतज्ज्ञ

जळका हात, तुम्ही म्हणता तसे डॉक्टर आहेत, मी नाकारत नाही. काहींना कामच एका बाजूकडून येतं आणि मग पेनही तिकडे झुकतं. पण तुमच्या उदाहरणातच उपायही आहे. ‘काही आढळलं नाही’ आणि ‘काही शोधलं नाही’ यातला फरक कोर्टात उघडा पाडता येतो. एकाचे दोन दिसण्याच्या तक्रारीत प्रिझमने माप घेतलेलं नसेल, डोके डावी-उजवीकडे कलवून बघितलेलं नसेल, तर तुमच्या बाजूच्या तज्ज्ञाला फक्त एवढंच विचारायचं असतं की हे आकडे कुठे आहेत. आणि एक डोळा मिटल्यावर दोनाचं एक होतं का हा तर पहिला प्रश्न! तो विचारलाच नसेल तर रिपोर्ट कच्चा आहे.

वेटिंग रूमचं मात्र खरं आहे. माणूस दारातून कसा आला, खुर्ची कशी शोधली, फॉर्म कोणत्या अंतरावर धरून भरला, हे सगळं बघितलं जातं, मीही बघायचो. यात लपवाछपवी नाही, तपासणीचाच भाग आहे.

पाखरू_कोपऱ्यातलं

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज लोकांना फील्डच्या, म्हणजे कडेचं किती दिसतं ते मोजणाऱ्या मशीनवर बसवते त्यामुळे तेवढ्यावर बोलते. भावाला त्या वाटीसारख्या मशीनसमोर बसवतील, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही लाईट चमकला की बटण दाबायचं. खूप जणांना वाटतं की जितकी कमी बटणं दाबू तितकं नुकसान जास्त दिसेल. नका करू असलं काही! मशीन मधूनमधून मुद्दाम डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यावर लाईट टाकतं, तिथे कोणालाच दिसायला नको, तुम्ही दाबलं तर तुमची नजर हललीय हे कळतं. आधी जिथे मंद लाईट दिसला होता तिथेच परत भरपूर प्रखर लाईट टाकतं, तो दिसला नाही म्हणालात तर तेही नोंदवतं. लाईट नसताना दाबलं तर तेही. नजर हलल्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेलं किंवा उगाच दाबल्याचं 15 च्या वर, की प्रिंटवर खूण येते आणि अख्खी चाचणी बेभरवशाची ठरते. खरं नुकसान असलेली माणसंसुद्धा थकव्याने यात अडकतात बरं का. त्यामुळे कंटाळा आला, डोळा कोरडा पडला तर सरळ सांगायचं की थांबवा. बटण दाबून धरलं की बऱ्याच मशीनमध्ये चाचणी थांबते, हे माहीत असू दे.

ड्रायव्हिंगचा मुद्दा असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून एस्टरमन नावाची चाचणी करतात, 120 ठिकाणी लाईट दाखवतात, दिसलं की नाही एवढंच बघतात. त्यात पास झाला म्हणजे रात्री झोताचा त्रास नाही असं मात्र होत नाही हां, ते कोणी जोडायला गेलं तर लगेच हरकत घ्या.

शंकासुर

एक बाळबोध प्रश्न. कोणी खरंच म्हणालं की मला या डोळ्याने काही म्हणजे काहीच दिसत नाही, तर खोटं कसं पकडतात? उत्तर शेवटी पेशंटच देणार ना.

निवृत्त_नेत्रतज्ज्ञ

पाठ्यपुस्तकातच आहे, गुपित काही नाही. डोळ्यासमोर मोठा आरसा धरून हळूच कलवला की बघणारा डोळा आपोआप मागे मागे हलतो, मनात आणलं तरी थांबवता येत नाही. बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवला की नसेचं नुकसान बाहुलीवर कळतं, आणि ताईंच्या भावासारखी एक बाहुली हलतच नसेल तरी हरकत नाही, दुसऱ्या बाहुलीकडे बघून तेच उत्तर मिळतं. नळीतून बघितल्यासारखं मधलंच दिसतं म्हणणाऱ्याला एक मीटरवर आणि मग दोन मीटरवर बसवून काळ्या पडद्यावर दिसणारं वर्तुळ आखतात, अंतर दुप्पट झालं की वर्तुळही दुप्पट व्हायला हवं. तेवढंच राहिलं तर डोळ्याच्या आजाराने ते होत नाही. थ्रीडी चित्रांच्या चाचणीत सगळ्यात बारीक गोल ओळखायला दोन्ही डोळे जवळपास पूर्ण चांगले लागतात.

पण एक सांगतो, न जुळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मोठ्या धक्क्यानंतर काही माणसांना डोळा शाबूत असताना खरोखर दिसत नाही, आणि ती नाटक करत नसतात. ‘निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत’ इथे डॉक्टरने थांबावं. हेतू कोणता होता ते ठरवणं आमचं काम नाही, आणि जो डॉक्टर तसं लिहितो त्याच्या बाकीच्या रिपोर्टवरही माझा विश्वास कमी होतो.

फाईलवाला

एक राहिलंच. ताई, अपघाताच्या पहिल्या दिवसाचा तातडीच्या विभागातला कागद मिळवा, काहीही करून. त्यावर पहिल्या दिवशीची नजर लिहिलेली असते आणि तज्ज्ञ लोक तिथूनच मोजायला सुरुवात करतात.

निवृत्त_नेत्रतज्ज्ञ

बरोबर. ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर नावाची पद्धत आहे, त्यात पहिल्या दिवशीची नजर 6/12 किंवा बरी असेल तर 100 गुण, प्रकाशही कळत नसेल तर 60, मग डोळा फुटला असेल तर 23 वजा, पडदा सुटला असेल तर 11 वजा, असं करत शेवटी किती नजर राहील याचा अंदाज बांधतात. पहिला आकडाच हरवला तर सगळं अंदाजपंचे.

धाकट्याची_ताई

बाप रे, एवढं सगळं. मनापासून आभार सगळ्यांचे, भावाला बसवून अख्खा धागा वाचून दाखवला. तो म्हणतोय आळशी डोळ्याचं सांगतो, आईकडे लहानपणीचा पट्टी लावलेला फोटोसुद्धा आहे 😄 वकिलांना प्रश्नांच्या पत्राबद्दल आणि गोनिओस्कोपीबद्दल मेल टाकलाय. तपासणी लवकर उरकून टाकावी की थांबावं? आणि तो बाहेर सतत गॉगल लावतो, तिथे लावून गेला तर नाटक वाटेल का? अजून एक, बाहुलीवर काही उपाय आहे का, तो पण खर्च धरता येतो का?

निवृत्त_नेत्रतज्ज्ञ

रोज लावत असेल तर लावूनच जाऊ दे, विचारलं तर कारण सांगायचं, आत मंद उजेडात काढायला सांगतील तेव्हा काढायचा. फक्त त्या दिवशीपुरता नवा गॉगल घेऊ नका म्हणजे झालं.

घाईबद्दल म्हणाल तर डोळा स्थिर झाल्यावरच अंतिम टक्केवारी काढायला अर्थ आहे. नसेला इजा असली तर ओसीटीच्या स्कॅनमध्ये (डोळ्याच्या आतले थर दाखवणारा स्कॅन) तिचा थर पातळ झालेला दिसायला काही आठवडे लागतात, आधी काढलेला स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. लवकर तपासणी झालीच तर पुन्हा तपासणीची गरज रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

बाहुलीसाठी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मिळते, बुबुळाचं चित्र आणि मध्ये लहान भोक, चकाकी बरीच कमी होते. फारच त्रास असेल तर बाहुलीला टाके घालूनही ती लहान करतात. दोन्हींचा खर्च भावी उपचारात धरायला सांगा, लेन्सचा तर दर थोड्या काळाने परत परत, कारण ती बदलावी लागते.

पाखरू_कोपऱ्यातलं

आणि सोबत कोणीतरी जा, ड्रॉपनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, त्याला तर एरवीही उजेड सहन होत नाही, गाडी चालवत परत येऊ देऊ नका. वापरात असलेला चष्मा आणि आधीचे जुने चष्मे, सगळे पिशवीत टाका, मशीनवर नंबर काढता येतो.